ट्रायलसाठी नाव देण्यापूर्वी : वैद्यकीय विद्यार्थ्याने काय पाहावे, काय विचारावे

एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी, शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला, प्रत्येक विद्यार्थी एकदा तरी स्वतःच प्रयोगाचे साधन झालेला असतो. स्पिरिटचा बोळा फिरवून अनामिकेच्या टोकाला लॅन्सेट टोचायचे आणि पिपेटमध्ये खुणेपर्यंत रक्त ओढायचे, हे काम स्वतःच्या बोटावर जमले नाही तर शेजारच्याचे बोट मागून घेतले जाते, आणि शेजारीही फारशी खळखळ न करता ते पुढे करतो. तेथे कोणी संमतीपत्र मागत नाही आणि मागावे असे कोणाला सुचतही नाही. पुढे एखाद्या ट्रायलसाठी, म्हणजे माणसांवर करायच्या वैद्यकीय चाचणीसाठी, निरोगी स्वयंसेवक हवे असल्याची सूचना फलकावर लागते, किंवा एखादे रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर) सर वसतिगृहाच्या दारात येऊन उभे राहतात, तेव्हा काही जण त्याच सवयीने बोट पुढे करतात आणि बाकीचे अभ्यासाचे निमित्त सांगून दार लावून घेतात. नीट विचारून, वाचून, मग हो किंवा नाही म्हणणारे फार थोडे असतात. ते कसे करावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

औषधशास्त्र शिकवताना मी दरवर्षी वर्गाला दोन प्रश्न विचारत आलो आहे. नवे औषध माणसांवर तपासल्याशिवाय बाजारात येऊ द्यावे का, या प्रश्नावर सगळा वर्ग एकमुखाने 'नाही' म्हणतो. मग त्या तपासणीसाठी तुमच्यापैकी कोण नाव देईल असे विचारले की बाके करकरतात, कोणीतरी शेजाऱ्याला कोपराने ढोसतो आणि दोन-चार हात अर्धवट वर होतात. हात खाली ठेवणाऱ्यांची कारणे ठरलेली असतात : साइड इफेक्टची भीती, तोंडावर आलेली परीक्षा, घरचे काय म्हणतील ही चिंता. हात वर करणाऱ्यांची कारणेही ठरलेली असतात : पैसे मिळतात, ट्रायल आतून पाहायला मिळते, सरांच्या नजरेत राहता येते. यांतले एकही कारण लाज वाटावी असे नाही. परंतु शेवटचे कारण इतरांपेक्षा निराळे आहे, कारण ते औषधाबद्दल किंवा स्वतःच्या शरीराबद्दल नसून विचारणाऱ्या माणसाबद्दल आहे. निर्णय घेताना सर्वांत आधी तेच बाजूला काढून पाहावे लागते.

ट्रायल कोणत्या प्रकारची आहे

'ट्रायल' या एकाच शब्दाखाली निरनिराळ्या जोखमीच्या गोष्टी येतात, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की नेमके काय करायचे आहे. वैद्यकीय विद्यार्थ्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारी मागणी औषध कंपनीची नसतेच. ती असते एखाद्या रेसिडेंटच्या थिसिसची. त्याला रुग्णांच्या गटाशी तुलना करण्यासाठी तीस-चाळीस 'नॉर्मल कंट्रोल' हवे असतात, आणि निरोगी, तरुण, हाताशी असलेली माणसे वसतिगृहाइतकी कोठेच सापडत नाहीत. पाच मिलिलिटर रक्त, एखादी फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी किंवा ईसीजी, एवढेच मागितले जाते, त्यामुळे ही फारशी गंभीर बाब कोणाला वाटत नाही.

मलाही वाटली नव्हती. दुसऱ्या वर्षाला असताना एका रात्री आमच्या मजल्यावर असेच एक सीनियर व्हॅक्युटेनरचा, म्हणजे रक्त घेण्याच्या नळ्यांचा, ट्रे घेऊन आले, आम्ही सहा जणांनी ओळीने बाह्या वर केल्या आणि कागदावर कोठे सही करायची तेवढे विचारून सही केली. चार दिवसांनी मेसमध्ये, जेवणाच्या ऐन गर्दीत, त्याच सीनियरनी लांबूनच ओरडून सांगितले की माझे बिलिरुबिन (काविळीत वाढणारे रक्तातील द्रव्य) दोनच्या वर आहे. नंतर ते गिल्बर्ट सिंड्रोम निघाले, म्हणजे घाबरण्यासारखे काहीच नव्हते. पण मधला आठवडाभर माझे ताट वेगळे ठेवावे की काय यावर रूममेट मंडळींत गंभीर चर्चा चालू होती. त्या कागदावर अनपेक्षित निष्कर्ष निघाल्यास तो कोणी, कोठे आणि कसा कळवायचा हे लिहिलेले होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी तो वाचलाच नव्हता आणि त्याची प्रतही मागितली नव्हती.

दुसरा प्रकार बायोइक्विव्हलन्स अभ्यासांचा. मूळ कंपनीचे औषध आणि त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीने बनवलेली गोळी यांची रक्तातील पातळी सारखी राहते का, हे त्यात पाहतात. स्वयंसेवक आदल्या संध्याकाळी केंद्रात दाखल होतो, रात्रभर उपाशी राहतो, सकाळी मोजून दिलेल्या पाण्याबरोबर गोळी घेतो आणि मग हातातल्या कॅन्युलातून (शिरेत बसवलेल्या नळीतून) ठरलेल्या मिनिटाला नमुने दिले जातात. पहिल्या काही तासांत ते इतक्या थोड्या थोड्या वेळाने घेतले जातात की झोप लागणे कठीण होते. चहा-कॉफी बंद असते, जेवण सर्वांना सारखे असते आणि काही दिवसांच्या खंडानंतर दुसरी गोळी घेण्यासाठी हाच क्रम पुन्हा पार पाडावा लागतो. औषध बहुतेक वेळा ओळखीचे असते, त्यामुळे धोका तुलनेने कमी; तरी वेळ आणि रक्त दोन्ही खर्च होतात, आणि येथे मिळणाऱ्या पैशांचे आकर्षण सर्वांत मोठे असते.

तिसरा प्रकार नव्या रेणूचा, म्हणजे अगदी नव्या औषधाचा, किंवा नव्या लसीचा. २०२० मध्ये कोव्हिशील्डची चाचणी पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत सुरू झाली तेव्हा त्यातील स्वयंसेवकांची नियोजित संख्या सोळाशे होती, आणि ती लस तोपर्यंत परदेशांत हजारो माणसांना टोचून झाली होती. याउलट एखादा रेणू माणसाच्या शरीरात पहिल्यांदाच जात असेल, तर आपल्या आधी किती माणसांना तो मिळाला या प्रश्नाचे उत्तर 'एकालाही नाही' असे असू शकते. हा आकडा विचारल्याशिवाय पुढचे बोलणेच करू नये.

विचारणारा कोण आहे

भारतात ट्रायलवर नियंत्रण ठेवणारे २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम वाचताना एका जागी विद्यार्थी हमखास थबकतात. ज्यांची विशेष काळजी घ्यावी अशा असुरक्षित गटांची जी यादी तेथे आहे, तिच्यात उतरंड असलेल्या समूहांची उदाहरणे म्हणून कैदी आणि सैन्यदलातील माणसे यांच्या शेजारीच वैद्यकीय, परिचर्या व औषधनिर्माण संस्थांतील कर्मचारी आणि विद्यार्थी यांची नावे आहेत. 'आम्ही काय कैदी आहोत?' असा प्रश्न वर्गात नेहमी येतो. त्याचे उत्तर मी भायखळ्याच्या तुरुंगापासून देतो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्याशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. स्वतःपासून सुरुवात केली, याचे कौतुक आपण आजही करतो. पण त्याच महिन्याच्या अखेरीस पुढची चाचणी झाली ती भायखळ्याच्या तुरुंगात, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर. त्यांतल्या कोणी 'नको' म्हटले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. आणि जेथे ते सांगता येत नाही, तेथे 'हो' या शब्दाचे मोल ठरवणे कठीण होते. विद्यार्थ्याची स्थिती तुरुंगासारखी नक्कीच नाही. तरीही जे सर नाव मागत आहेत तेच उद्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) समोर बसणार असतील, इंटर्नलचे गुण त्यांच्या हाती असतील, पुढे शिफारसपत्रही त्यांच्याकडूनच घ्यायचे असेल, तर 'हो' म्हणताना औषधाचा विचार किती झाला आणि सरांचा किती, हे स्वतःलाही नीट उमगत नाही.

याची पारख करण्याची एक सोपी रीत आहे. हाच कागद, हीच रक्कम, हेच औषध घेऊन एखादा पूर्णपणे अनोळखी माणूस, दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या संस्थेतून आला असता तर आपण नाव दिले असते का, असे स्वतःला विचारावे. उत्तर 'दिले असते' असेल तर पुढचे कागद उघडावेत. उत्तर अडखळले तर तेथेच थांबावे, आणि सरांना नकार कसा द्यावा याची तयारी करावी.

ती तयारी खरोखरच करावी लागते, कारण समोरासमोर उभे असताना आपल्याकडे वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणायला जीभ वळत नाही. ऐन वेळी सुचण्याची वाट न पाहता वाक्य आधीच ठरवून ठेवावे. 'सर, माहितीपत्रक घेऊन जातो, वाचून दोन दिवसांनी सांगतो,' हे वाक्य कोणत्याही प्रामाणिक संशोधकाला खटकत नाही. किंबहुना वाचायला पुरेसा वेळ देणे हे त्याचे कर्तव्यच आहे. दोन दिवसांनी 'सर, मला यात भाग घ्यायचा नाही' एवढेच सांगावे आणि कारण जोडू नये. कारण दिले की त्याचे निराकरण सुरू होते : परीक्षा असेल तर तारीख बदलून मिळते, भीती असेल तर समजूत काढली जाते, आणि आपण पुन्हा पहिल्या जागी येतो. नियमाने कारण देण्याची सक्ती नाही. नकारानंतर गुणांत, हजेरीत किंवा वागणुकीत फरक पडल्यासारखा वाटला तर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनातील सहभागींचे हित पाहणाऱ्या समितीच्या, सदस्य सचिवांकडे लेखी तक्रार करता येते. त्यांचे नाव आणि संपर्क माहितीपत्रकावर असणे आवश्यकच आहे. अशा कमिटीवर मी काही वर्षे काम केले. विद्यार्थ्यांची तक्रार त्या काळात फार क्वचित आली, आणि यामागे तक्रारीला जागाच नव्हती एवढे एकच कारण असेल असे मला वाटत नाही.

जे स्वतः रेसिडेंट किंवा इंटर्न म्हणून इतरांना बोलावणार आहेत, त्यांच्यासाठी येथेच दोन शब्द. आपल्या हाताखालच्या बॅचला तोंडी विचारू नये; फलकावर सूचना लावून इच्छुकांनी स्वतः संपर्क साधावा असे ठेवावे. संमती घेण्याचे काम ज्याचा त्यांच्या मूल्यमापनाशी संबंध नाही अशा सहकाऱ्याकडे सोपवावे. आणि नाव न देणाऱ्यांची यादी कोणाच्याही मोबाइलवर असू नये.

कागद कसे वाचावेत

माहितीपत्रक आणि संमतीपत्र एकत्र टाचलेले असते आणि आपल्यापुढे बहुधा शेवटचे, सहीचे पान उघडून धरले जाते. ते मिटून पहिल्या पानापासून सुरुवात करावी. वरच्या बाजूला ट्रायलचे नाव, आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते. एथिक्स कमिटीची मंजुरी याच आवृत्तीला आहे ना, हे विचारावे. कमिटी नोंदणीकृत असली पाहिजे, तिच्यात किमान सात सदस्य असतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि अध्यक्षही बाहेरचाच असतो. त्यानंतर सीटीआरआय म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीचा क्रमांक पाहावा. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. तिच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की प्रायोजक कोण, केंद्रे कोणती, किती माणसे घेणार, मुख्य निकष काय, हे सगळे पाच मिनिटांत वाचता येते. हाती दिलेला कागद आणि नोंदवहीतील मजकूर यांत तफावत आढळली तर ती घेऊन संशोधकाकडे जावे.

मग पत्रकातील मजकूर. त्यात कोणत्या दिवशी काय करणार, एकूण किती रक्त घेणार, प्लासिबो (औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी किंवा इंजेक्शन) घेणारा गट आहे का, कोणत्या गटात जाणार हे कसे ठरणार, संभाव्य त्रास कोणते, माहिती गुप्त कशी राखणार, आणि मध्येच सोडले तर काय, एवढे स्पष्ट असले पाहिजे. इंग्रजी पत्रक आपल्याला समजते म्हणून मराठी प्रत नाकारू नये. ती घरी वाचून दाखवायला उपयोगी पडते. मराठी प्रतींची भाषा पुष्कळदा इतकी अवघड असते की 'यादृच्छिकीकरण' या शब्दापाशी आईवडील चष्मा काढून ठेवतात, तेव्हा 'कोणाला कोणती गोळी, हे नाणेफेकीसारखे ठरते' असे आपणच सांगावे.

पैशांचा परिच्छेद दोनदा वाचावा. रक्कम एकूण किती, याहून ती कशी विभागली आहे हे महत्त्वाचे आहे. मध्येच बाहेर पडलेल्यास तोपर्यंतच्या फेऱ्यांचे पैसे त्या प्रमाणात मिळायला हवेत. सगळी रक्कम शेवटच्या फेरीलाच देणारी व्यवस्था असेल तर ती सहभागीला त्रास होत असतानाही थांबवून ठेवते, म्हणून ती आवडू नये. मेसचे थकलेले बिल किंवा पुस्तकांचा खर्च भागवण्यासाठी नाव देणे यात वावगे काही नाही. फक्त, तेवढी गरज नसती तर या पत्रकातील कोणत्या ओळीवर आपण अडलो असतो, ती ओळ शोधून तिच्यावर प्रश्न विचारावा.

सहीच्या पानावर विद्यार्थ्यांना अनपेक्षित वाटणारे काही रकाने असतात : शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आणि नामनिर्देशित व्यक्तीचे नाव, पत्ता व नाते. हा शेवटचा रकाना ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची यासाठी आहे. माझ्या पाहण्यातल्या एका विद्यार्थ्याने बाकीचे सगळे रकाने झरझर भरले, या रकान्यात आईचे नाव लिहिले, नात्यापुढे 'आई' लिहिले आणि पेन खाली ठेवून तो म्हणाला, 'सर, मी घरी सांगितलेले नाही.' आम्ही त्याला त्या दिवशी परत पाठवले. ज्याचे नाव तेथे लिहायचे आहे त्याला सही करण्याआधी फोन करावा, ही कायद्याची अट नाही. पण मी ती माझ्यापुरती अट मानतो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यास घरच्यांची परवानगी लागत नाही, आणि घरचे नाही म्हणाले तरी निर्णय आपलाच राहतो. त्यांना ठाऊक असावे, एवढेच.

भरपाईचे सूत्रही एकदा स्वतः मांडून पाहावे. नियमांनुसार मृत्यूच्या भरपाईसाठी ८ लाख रुपये ही मूळ रक्कम, वयानुसार ठरलेला घटक आणि जोखमीचा घटक यांचा गुणाकार करून त्याला ९९.३७ ने भागतात. वयाचा घटक विसाव्या वर्षी २२४ असतो. जोखमीचा घटक अखेरच्या अवस्थेतील रुग्णासाठी ०.५ पासून सुरू होतो आणि निरोगी स्वयंसेवकासाठी सर्वाधिक, म्हणजे ४ धरतात. वीस वर्षांच्या निरोगी विद्यार्थ्यासाठी हा हिशेब सुमारे ७२ लाख रुपयांवर जातो. इजा झाल्यास आवश्यक तेवढा काळ, किंवा ती ट्रायलमुळे झालेली नाही असे ठरेपर्यंत, मोफत उपचार मिळण्याचा हक्कही आहे, आणि ती इजा औषधाने न होता ट्रायलमधील एखाद्या प्रक्रियेने झाली तरी ती ट्रायलमुळेच झाली असे धरले जाते. महाविद्यालयाच्या स्वतःच्या, प्रायोजक नसलेल्या अभ्यासात ही जबाबदारी कोण उचलणार, हे मात्र तोंडी आश्वासनावर सोडू नये; पत्रकात तसे वाक्य आणि विम्याचा उल्लेख आहे का ते पाहावे.

नव्या रासायनिक घटकाच्या ट्रायलमध्ये असुरक्षित गटातील सहभागींची संमतीप्रक्रिया ध्वनिचित्रमुद्रित करावी लागते, आणि विद्यार्थी या गटात मोडतात. कॅमेरा दिसला म्हणून बिचकू नये. उलट, त्याच्यासमोर आपले सगळे प्रश्न मोठ्याने विचारावेत, म्हणजे प्रश्न आणि उत्तर दोन्ही नोंदले जातात. सही केलेल्या कागदांची प्रत त्याच दिवशी हातात घ्यावी.

औषधाची माहिती स्वतः काढावी

सामान्य स्वयंसेवकाला जे जमत नाही आणि वैद्यकीय विद्यार्थ्याला जमते, ते हे. वर्षभर औषधशास्त्र वाचलेल्याने रेणूचे नाव, गट आणि देण्याचा मार्ग विचारून घेऊन एक संध्याकाळ ग्रंथालयात घालवावी. ही संध्याकाळ किती मोलाची असू शकते हे २००१ च्या एका घटनेवरून कळते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या अभ्यासासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे देण्यात आले. त्यांत तेथेच काम करणारी चोवीस वर्षांची तंत्रज्ञ होती. तिला खोकला सुरू झाला, फुप्फुसे निकामी होत गेली आणि महिन्याभरात तिचा मृत्यू झाला. या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या इजेचे उल्लेख १९५० च्या दशकातील लेखनात होते, परंतु संशोधकांनी घेतलेला संगणकीय शोध तितका मागे पोहोचत नव्हता. तिच्याआधीच्या एका स्वयंसेवकालाही खोकला झाला होता, आणि अभ्यास त्यामुळे थांबवला गेला नव्हता. म्हणून दोन प्रश्न कायम विचारावेत : या मार्गाने हे औषध पूर्वी कोणाला दिले आहे, आणि आमच्या आधीच्या सहभागींना काय काय झाले? दुसऱ्या प्रश्नाचे 'काही विशेष नाही' हे उत्तर स्वीकारू नये. किरकोळ काय झाले, तेच ऐकायचे असते.

प्रक्रियेचा धोका औषधाच्या धोक्यापेक्षा मोठा असू शकतो, याकडे विद्यार्थी हटकून दुर्लक्ष करतात. १९९६ मध्ये रोचेस्टर विद्यापीठातील एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने एका अभ्यासासाठी ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून करायची तपासणी) करून घेतली. तिला कोणतेही नवे औषध द्यायचे नव्हते, फुप्फुसांतील पेशींचे नमुने तेवढे हवे होते. पण घसा आणि श्वासनलिका बधिर करण्यासाठी वापरलेल्या लिग्नोकेनची मात्रा घातक ठरली आणि दोन दिवसांनी ती दगावली. लिग्नोकेनची कमाल मात्रा आपल्याला तोंडपाठ असते. ती आपल्या स्वतःच्या वजनाने गुणून, आराखड्यात किती देणार आहेत त्याच्याशी ताडून पाहणे हे काम मात्र कोणी सहसा करत नाही.

माणसात पहिल्यांदाच देण्याच्या औषधाबाबत आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे डोस एकामागोमाग देणार की मध्ये अंतर ठेवून. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयातील केंद्रात टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) प्रकारचे औषध सहा निरोगी तरुणांना काही मिनिटांच्या अंतराने दिले गेले. पहिल्याला त्रास सुरू झाला तोपर्यंत सहाव्यालाही डोस मिळालेला होता, आणि सहाही जण अतिदक्षता विभागात पोहोचले. सुदैवाने सगळे वाचले. 'पहिल्या सहभागीनंतर दुसऱ्याला किती वेळाने देणार?' हा प्रश्न तेव्हापासून कोणत्याही संशोधकाला नवा नाही, आणि त्याचे उत्तर त्याच्याकडे लगेच असायला हवे.

धाडसाचे आकर्षण असलेल्यांना दानिएल कॅरिऑन हे नाव ठाऊक असावे. पेरू देशातील लिमा येथील या विद्यार्थ्याने २७ ऑगस्ट १८८५ रोजी व्हेरुगा पेरुआना या अंगावर चामखिळी आणणाऱ्या आजाराच्या रुग्णाच्या चामखिळीतील द्रव स्वतःला टोचून घेतला, ओरोया ताप आणि हा आजार एकच असल्याचे त्यातून दिसून आले, आणि ५ ऑक्टोबरला तो मरण पावला. पेरूमध्ये हा दिवस वैद्यकदिन म्हणून पाळतात आणि रोगालाही त्याचे नाव आहे. मला त्याच्याबद्दल आदर आहे. तरी आज कोणी असा आराखडा आमच्या कमिटीपुढे आणला असता तर पहिल्याच बैठकीत तो परत गेला असता.

शरीर आणि वेळापत्रक

तपासणीच्या दिवशी खरे सांगावे. हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण नाव वगळले जाऊ नये म्हणून गोष्टी लपवण्यात वैद्यकीय विद्यार्थी सर्वांत तरबेज असतात, कारण कोणत्या उत्तराने नाव कटते हे त्यांना कळते. मुरुमांसाठी चालू असलेले आयसोट्रेटिनॉइन, जिमची पावडर, परीक्षेच्या काळात झोप यावी म्हणून घेतलेली गोळी, लहानपणचा दमा, सगळे सांगावे. रक्तदान कधी केले तेही सांगावे. दोन रक्तदानांत पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवायचे असते, आणि महाविद्यालयाच्या शिबिरात उत्साहाने रक्त दिल्यानंतर लगेच बायोइक्विव्हलन्स अभ्यासात शिरणे म्हणजे हिमोग्लोबिनची परीक्षा पाहणे होय. दोन ट्रायलमध्ये साधारण तीन महिन्यांचे अंतर मागितले जाते. एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात लपूनछपून जाणाऱ्याच्या शरीरात दोन औषधांची गाठ पडते आणि ती कोणाच्याच नोंदीत नसते.

हजेरीचे गणित आधी मांडावे. थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते, ट्रायलच्या फेऱ्यांना सूट मिळेल असे गृहीत धरू नये, आणि 'हजेरी आम्ही पाहून घेऊ' असे आमिष कोणी दाखवले तर तेच नाव न देण्याचे पुरेसे कारण आहे. शेवटची पाठपुरावा-भेट कोणत्या महिन्यात येते हे पाहून ती प्रिलिमच्या आठवड्यात येत असेल तर आत्ताच नाही म्हणावे. अर्ध्यावर गळालेला सहभागी अभ्यासाचेही नुकसान करतो.

सहभागी झाल्यावर

कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडता येते. मात्र न सांगता फेरी चुकवण्यापेक्षा कळवून बाहेर पडावे, कारण औषध एकदम थांबवल्यास काही तपासण्या आपल्याच सुरक्षेसाठी कराव्या लागतात. त्रास झाला तर तो स्वतःच निदान करून मिटवू नये. 'ॲसिडिटी असेल' म्हणून पॅन्टोप्राझोल घेऊन गप्प बसणारा इतर स्वयंसेवक विरळा, वैद्यकीय विद्यार्थी नित्याचा. दिलेल्या क्रमांकावर रात्री दोन वाजताही फोन करावा, वेळ लिहून ठेवावी, आणि संशोधकाच्या लेखी परवानगीशिवाय दुसरे औषध घेऊ नये. गंभीर घटना असेल तर संशोधकाला ती २४ तासांच्या आत औषध नियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी यांना कळवावी लागते. आपण फोन उशिरा केला की ती साखळीच उशिरा सुरू होते.

एकाच बॅचमधील पाच-सहा जण एका ट्रायलमध्ये असले की रात्री गप्पांत 'तुला ताप आला का, मला नाही आला, म्हणजे माझा प्लासिबो' हे सुरू होते. लसीच्या ट्रायलमध्ये तर बाहेरच्या प्रयोगशाळेत जाऊन अँटिबॉडी तपासण्याचा मोह होतो. आंधळेपणा राखलेला, म्हणजे कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो हे मुद्दाम कळू न देणारा, अभ्यास याने आतून पोखरला जातो, आणि तो पोखरणारा उद्या स्वतः अशाच अभ्यासांवर विसंबून औषधे लिहिणार असतो. ग्रुपवर लक्षणांची चर्चा करू नये. लक्षणे डायरीत लिहावीत, ती डायरी त्यासाठीच दिलेली असते.

शेवटच्या फेरीला वैद्यकीय तपासणी आणि रक्ताचे अहवाल करतात. ते आपल्या हाती मागून घ्यावेत आणि सुरुवातीच्या अहवालाशेजारी ठेवून पाहावेत. निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर कळवणार का, आणि आपल्याला कोणता गट मिळाला होता हे केव्हा समजेल, हे त्याच वेळी विचारावे. संमतीपत्राची प्रत, दोन्ही अहवाल आणि शेवटच्या डोसची तारीख एका पाकिटात घालून ठेवावी. पुढच्या रक्तदान शिबिरात, पुढच्या आजारपणात किंवा पुढच्या ट्रायलच्या तपासणीत पहिल्यांदा हीच तारीख विचारली जाते.